उकाड्यात घरात पाणी नको, वारा हवा

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी, मालवण, गुहागरला पारा बहुतेक दिवस 32 ते 34 अंशांच्या आसपास असतो. नागपूरच्या 44 पुढे हे काहीच नाही. तरी जीव नकोसा होतो, कारण घाम वाळत नाही. हवेत आधीच एवढी वाफ असते की अंगावरचं पाणी जायला जागाच उरत नाही. म्हणून कोकणात घर गार ठेवायचं म्हणजे दोनच कामं: ऊन बाहेर अडवायचं आणि वारा आत खेळवायचा.

कूलर घेण्याआधी हे लक्षात घ्या. नागपूरच्या कोरड्या हवेत तो 44 अंशांची हवा 28-30 पर्यंत आणतो. आपल्याकडे 33 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलरही जेमतेम चार अंश उतरवतो आणि आर्द्रता नव्वदीजवळ नेतो. अर्ध्या तासात चादर दमट लागते. घरात कूलर असेलच, तर पंप बंद ठेवून नुसता पंखा म्हणून वापरा. ओल्या चादरी, पंख्यासमोर पाण्याची बादली, हेही इथे नकोच.

आता वाऱ्याकडे. खारा वारा साधारण अकरा-बाराच्या सुमारास सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. अडचण अशी की दुपारी ऊनही पश्चिमेकडूनच येतं. ऊन नको म्हणून खिडकी लावली की वारा गेला. आतला जाड पडदा हे दुखणं वाढवतो: ऊन काचेतून आत आलेलंच असतं, तापलेला पडदा खोलीतच ऊब सोडतो आणि वर वाराही अडवतो. आडोसा खिडकीच्या बाहेर हवा. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप किंवा बांबूची चिक भिंतीपासून फूटभर लांब, छपरासारखी तिरकी बांधा आणि खालची बाजू मोकळी सोडा. ऊन झापावर अडतं, वारा खालून आत शिरतो.

वारा आत यायला त्याला बाहेर पडायची वाटही लागते. पश्चिमेची खिडकी सताड उघडी आणि मागचं दार बंद, म्हणजे वारा उंबऱ्याशीच थांबला. मागची वाट पुढच्या खिडकीएवढी किंवा थोडी मोठीच ठेवा. मधल्या दारात कपाट, कपड्यांचा घोडा असं काही नको.

मार्चमधले काही दिवस याला अपवाद असतात. घाटावरून पूर्वेचा वारा उतरतो, खारा वारा उशिरा येतो, हवा कोरडी पडते आणि पारा 38-40 वर जातो. दोरीवरचे कपडे तासाभरात कडक वाळले की ओळखावं. त्या दिवशी सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद करा, आणि कूलरमध्ये खुशाल पाणी भरा; फक्त कूलर चालू असताना हवा बाहेर पडायला एक खिडकी थोडी उघडी ठेवा.

स्लॅबच्या घराचं खरं दुखणं डोक्यावर असतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो, आणि छताचा पंखा तीच गरम हवा अंगावर आणतो. पावसात धरलेलं शेवाळ सुकून स्लॅब काळा पडलेला असेल तर आणखीच तापतो. त्यावर चुना थेट मारला की पापुद्रे सुटतात. आधी तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन दोन दिवस वाळवा. कळीचा चुना किलोला पाच लिटर पाणी या हिशेबाने लोखंडी पिंपात भिजवा. तो रटरट उकळतो, प्लास्टिकची बादली वितळू शकते आणि डोळ्यांत थेंब गेला तर डोळा जायची भीती. गॉगल, हातमोजे हवेतच. चोवीस तासांनी फडक्याने गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घाला आणि दोन पातळ हात मारा. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. जाड थर तडकतो. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जातो, त्यामुळे हे काम दर वर्षी फेब्रुवारीत करावं लागतं. छपराचं पाणी साठवत असाल तर पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं तर चालतं, कारण ती वाफ बाहेर जाते. पण एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसत असेल तर ते विसरा.

कौलारू घराला हे फारसं लागत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते. शोभेसाठी खाली घट्ट फॉल्स सीलिंग ठोकलं की ती वाट बुजते. करायचंच असेल तर दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवा.

आणि खळ्याला, म्हणजे घरापुढच्या अंगणाला, पेव्हर ब्लॉक लावू नका, ही कळकळीची विनंती. तापलेल्या फरशीवरून आलेला वारा पडवीत शिरतो तो गरम होऊनच. त्यापेक्षा पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा मांडव घाला आणि खाली शेणाने सारवलेली जमीन ठेवा, म्हणजे घरात येणारी हवा सावलीतूनच येते. चूल मांडवाखाली पेटवू नका. वाळलेली झावळी एका ठिणगीने पेटते. आणि मृगाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मांडव उतरवाच. भिजलेल्या झावळ्यांच्या वजनाने तो वाऱ्यात बसतो. उतरवताना काठीने झावळ्या झाडून घ्या, आत विंचू असतात.