कोयता अर्धा होतो

दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात असं धरून मी १८ दिवसांचं शूटिंग लावलं. चूक तिथंच झाली.

गाव धारूरच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरात. सिनेमा एका आजीचा. मुलगा-सून ऊसतोडीला गेल्यावर नातीला घेऊन ती मागं राहते. आजीचं काम संभाजीनगरच्या रंगभूमीवरच्या एका ज्येष्ठ नटीनं केलं. सुनेच्या कामाला मात्र गावातलीच बाई घेतली, दहा हंगाम तोडीला जाऊन आलेली. मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा.

शाळा सुटल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही १२ दिवस तालीम केली. युनिट ११ जणांचं, कॅमेरा भाड्याचा, दिवे जवळपास नाहीतच. सकाळ-संध्याकाळच्या उजेडावर सगळी भिस्त. आवाज मात्र लोकेशनवरच रेकॉर्ड करायचा, हे मी पैसे नसतानाही सोडलं नाही. ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणताना ताईच्या आवाजात जे येतं, ते स्टुडिओत डबिंग करून परत आणता येत नाही.

सिनेमात एक बैलजोडी होती. प्राणी दाखवायचे तर शूटिंगच्या आधीच जीवजंतू कल्याण मंडळाकडं अर्ज करावा लागतो, सोबत पशुवैद्यकाचा दाखला लागतो. नाहीतर पुढं सेन्सॉरला अडतं. ते सगळं मी दोन महिने आधी उरकलं. बैलांच्या तारखा पक्क्या होत्या. ताईच्या टोळीची तारीख मात्र मी मुकादमाला एकदाही विचारली नाही. गळीत हंगाम कधी सुरू होणार ते मंत्री समिती ठरवते, एवढं मला पेपरातून माहीत होतं. टोळ्या त्याच्या आधीच हलतात, फडाजवळ जाऊन राहायला कोप्या उभ्या करतात, हे गावात लहान पोरालाही माहीत होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी पॅकअप करताना ताई म्हणाली, “दादा, उद्या दुपारी टॅक्टर येतंय.”

तिचे चार सीन राहिले होते. त्यांतला एक गाव सोडण्याचा, ज्यावर सगळा सिनेमा उभा होता. मी घाईघाईनं म्हटलं, “दोन दिवस थांबा, खाड्याचे पैसे मी भरतो.” ती जरा वेळ गप्प बसली.

“उचल जोडीची घेतलीय. मी मागं राहिले तर कोयता अर्धा होतो. अन् खाडा तुम्ही भराल, टोळी गेल्यावर मला सांगलीला कोण पोचवील?”

नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. हा हिशोब मी पटकथेत लिहिला होता, तिच्याच तोंडी संवाद म्हणून. समोर बसून ती तो खरोखर सांगत होती, आणि तिला थांबवू पाहणारा माणूस मी होतो. मी पुढं काही बोललो नाही.

त्या रात्री छायाचित्रकार आणि मी मंदिरात बसून शॉट डिव्हिजन नव्यानं केलं. दोन सीन काढून टाकले. एक आजीकडं वळवला. गाव सोडण्याचा सीन खऱ्या ट्रॅक्टरसोबतच घ्यायचा ठरलं. मुकादमानं आणि ट्रॅक्टरवाल्यानं होकार दिला, पण ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करणार नाही म्हणाला. सेल्फ बिघडलेला, एकदा बंद पडलं की ढकलावं लागतं. म्हणजे संवाद ऐकू येणार नव्हते.

सकाळी रिहर्सलला पटकथेप्रमाणं ताईनं पोरीला कवटाळलं, आणि लगेच सोडलं.

“असं नसतं, दादा. रडायला येळ कुठं असतो? ते तिकडं, कोपीत गेल्यावर.”

“मग इथं काय असतं?”

ती सांगत गेली. वाकळा, तवा, पिठाचं पोतं, कोपीचे बांबू आणि ताडपत्री आधी ट्रॉलीत चढवायची. कोंबड्या पाटीखाली झाकायच्या. शेळी शेजारणीच्या दावणीला. पोरीची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत, किल्ली आजीच्या कमरेला. मग थांबली आणि म्हणाली, “सुईदोरा आहे का?”

तो शॉट आम्ही एकदाच घेतला. उंबऱ्यावर बसून ती सिनेमातल्या पोरीच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकची खालची दुमड उसवते. कापड दोन बोटं खाली सोडते, पुन्हा टीप घालते. पाडव्यापर्यंत पोरगी वाढणार, फ्रॉक तर तोच पुरायला हवा. बाहेर इंजिन घरघरत होतं. दोरा दातानं तोडून तिनं पोरीच्या गुडघ्यावर कापड ओढून पाहिलं आणि उठून गेली. संवाद एकही नव्हता. लिहिलेलं पानभर रडणं मी तिथंच वगळलं. मी कट म्हणायला विसरलो होतो. बूम माईक धरलेला पोरगाही हलला नाही.

साडेबाराला तिला मानधनाचं पाकीट दिलं. तिनं ते न मोजता सासूकडं दिलं. दोन ट्रॉल्या, वर माणसं, मधे बांबू. छायाचित्रकारानं विचारलं, “हे घ्यायचं का?” तिची खरी लेक तेव्हा खाली, ट्रॉलीच्या कठड्याला धरून उभी होती. मी नको म्हटलं. कॅमेरा बॅगेत गेला. ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा होईपर्यंत आम्ही रस्त्यात उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा सीन लावत होतो. ताईची लेक शाळेला जाताना थांबून बघत राहिली. तिच्या फ्रॉकच्या खालच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी होती, गडद निळी. बाकी फ्रॉक धुऊन धुऊन विटला होता, पण इतके दिवस दुमडीत झाकलेलं कापड अजून नवं होतं. ताईनं ते काम आमच्या आधीच, कधीतरी रात्री, घरी उरकलं होतं.

आमच्या शॉटमधल्या फ्रॉकला ती पट्टी नाही. तो आम्ही माजलगावच्या बाजारातून नवा आणला होता.