थोडक्यात

कालपासून एकच शब्द डोक्यात अडकलाय. ताईच्या धाकटीची रोइंगची रेस झाली, दुसरी आली, बोटीतून उतरून धापा टाकत माझ्यापाशी आली आणि मी काय म्हणावं, तर "अरेरे, थोडक्यात गेलं गं!" काही बोलली नाही ती. घटाघटा पाणी प्यायली आणि वल्ही उचलायला गेली. ताई म्हणते तिच्या लक्षातही नसेल. माझ्या आहे ना पण.

रात्री झोप येईना म्हणून ब्रिटनच्या रोइंगपटू कॅथरीन ग्रेंजरची २००८ ची बीजिंग ऑलिंपिकची फायनल परत लावली, चौघींची बोट. सिडनीला सिल्व्हर, अथेन्सला सिल्व्हर, आता तरी गोल्ड म्हणून उतरलेली, आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत ह्याच पुढे. रोइंगमधे फिनिश लाइनकडे पाठ करून बसतात, त्यामुळे पुढच्या बोटीला मागच्या सगळ्या दिसतात. म्हणजे चिनी बोट जवळ येतीये हे ह्यांना दिसत होतं, जीव खाऊन वल्हं मारतानाही दिसत होतं, मग ती शेजारी आली आणि मग दिसेनाशी झाली. पोडियमवर गळ्यात मेडल आणि डोळ्यांत पाणी. बघवेना मला, तरी तीनदा बघितलं.

थोडक्यात. दहावीला बाबा हेच म्हणाले होते, आणि नंतर त्या परीक्षेच्या वेळी... जाऊदे. पण मला तो शब्द किती लागला होता हे मलाच माहीत, आणि तोच मी त्या पोरीला दिला, तिचा श्वास खाली बसायच्या आत.

२०१२ ला लंडनला अॅना वॉटकिन्सबरोबर मिळालं तिला गोल्ड, ३६ वर्षांची होती, तोवर कायद्यातली पीएचडीही चालूच. सगळे तिथे थांबतात. मी मात्र रिओपाशी अडकले. दोन वर्षं लांब राहून परत आली, विकी थॉर्नलीबरोबर जमेना, दोघींनी आठ जणींच्या बोटीसाठी प्रयत्न केला तर तिथेही घेतलं नाही, मग पुन्हा दोघींचीच बोट. फायनलला पुन्हा पुढे आणि पुन्हा शेवटी पोलंडच्या बोटीने गाठलं. चाळीसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमधलं पाचवं मेडल, पुन्हा सिल्व्हर. आणि ह्यावेळी चेहऱ्यावर केवढा आनंद! रंग तोच, हुकलंही तसंच. बीजिंगच्या त्या रडण्याला कोणी थोडक्यात म्हटलं असेल तर ठीक, पण ह्याला काय म्हणायचं? मला शब्द सापडला नाही आणि न सापडल्याचं फार वाईटही वाटलं नाही.

सकाळी फोन केला. कितवी, किती सेकंदांनी, काही काढलं नाही, नुसतं विचारलं हाताचे फोड कसे आहेत. दोन फुटलेत म्हणाली. मग आपणहूनच बोलायला लागली, "मावशी, शेवटच्या पाचशे मीटरपर्यंत ती मला दिसत होती गं, मग अचानक दिसायचीच बंद झाली."

"मग काय केलंस?"

"मारत राहिले."