तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कोचने असं काय शिकवलं?

"तू तर सगळ्याला मान डोलावणारी, आता सरळ तोंडावर नाही म्हणतेस, त्या लाइफ कोचने असं काय शिकवलं गं?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय लोकांनी, काहींनी कुत्सितपणे, काहींनी अगदी मनापासून, आणि दोघांनाही मी "काही नाही गं, श्वास वगैरे" असं म्हणून उडवून लावलंय. आता एकदाच नीट लिहिते.

आधी हे सांगते की धाडस वगैरे काही मिळालं नाही. भीती आजही वाटते, तेवढीच वाटते.

माझा प्रॉब्लेम एका शब्दाचा होता, "चालेल". ऑफिसात दुसऱ्याचं काम माझ्या टेबलावर आलं, चालेल. माझ्या सुट्टीचं बाकीच्यांनीच ठरवून टाकलं, चालेल. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चालेल! आणि मग रात्री अंथरुणात पडून त्याच माणसाशी मनातल्या मनात कडाकडा भांडायचं, तिथे मात्र माझे मुद्दे काय बिनतोड असायचे.

कोचकडे गेले तेव्हा वाटलं होतं आरशासमोर उभं करून "मी करू शकते" वगैरे म्हणायला लावतील. तसलं काही झालं नाही. पहिल्या सेशनला मॅडम (मी त्यांना मॅडमच म्हणायचे) जेमतेम पाच मिनिटं बोलल्या असतील, बाकी वेळ मीच. मग त्यांनी विचारलं, चालेल म्हणायच्या आधी अंगात काय होतं? मी म्हटलं काहीच नाही. आणि खोटं नव्हते बोलत, खरंच वाटायचं काही होत नाही. मग होमवर्क काय, तर आठवडाभर काहीही बदलायचं नाही, फक्त चालेल मोजायचे, फोनमध्ये एकेक रेघ ओढायची. मला वाटलं यासाठी फी भरली का आपण? पहिल्या दिवशी 11 रेघा. चौथ्या दिवशी रेघ ओढता ओढता लक्षात आलं की शब्द बाहेर पडायच्या जरा आधी घसा आवळतो, खांदे वर जातात आणि श्वास चक्क थांबतो. इतकी वर्षं हे रोज होत होतं आणि मला पत्ता नाही!

माइंडफुलनेस (आत्ता अंगात-मनात काय चाललंय याकडे लक्ष देणं) म्हणतात ते एवढंच, निदान माझ्यापुरतं. नंतर उत्सुकतेने वाचलं तेव्हा कळलं की हा शब्द पालीतल्या "सति"साठी वापरतात, आणि सति म्हणजे मुळात आपली स्मृती, आठवण. हे मला फार पटलं, कारण मला शांत वगैरे व्हायचंच नव्हतं, आपण घाबरलोय हे वेळेवर आठवायला हवं होतं, रात्री अकरा वाजता नाही. दवाखान्यांत हे आलं ते जॉन कबात-झिन यांच्यामुळे, 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखणी असलेल्या लोकांसाठी त्यांनी वर्ग सुरू केले, पुढे तोच 8 आठवड्यांचा कोर्स जगभर गेला. म्हणजे दुखणं जाईल असा दावा नव्हता, दुखण्याबरोबर राहायचं कसं हा प्रश्न होता. माझ्या भीतीचंही तसंच झालं.

मग प्रॅक्टिस काय केली, तर घसा आवळला की पाय जमिनीला टेकलेत हे जाणवून घ्यायचं, श्वास सावकाश सोडायचा (सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे शरीराचंच आहे, चमत्कार नाही) आणि मनात नाव द्यायचं, "ही भीती आहे, सर रागावतील याची". नाव दिल्याने काय होणार असं मला वाटायचं, पण मॅथ्यू लीबरमन या मानसशास्त्रज्ञाच्या टीमने 2007 मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलंय की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला तो भोंगा वाजवणारा भाग, कमी पेटतो. आणि शेवटी तोंडाने "चालेल"च्या जागी "उद्या सांगते". नाही म्हणायचं नाही, नुसतं उद्या सांगते.

पहिल्यांदा सरांना म्हटलं तेव्हा कानात ठोके ऐकू येत होते. सर "बरं" म्हणाले आणि निघून गेले. एवढंच! मी मात्र संध्याकाळपर्यंत आभाळ कोसळायची वाट बघत बसले होते.

पुढे मी माती खाल्ली तेही सांगते. जमतंय म्हटल्यावर दिसेल त्याला नाही म्हणत सुटले, बहिणीने साधी मदत मागितली तर तिच्यावरच खेकसले आणि मॅडमना हे अभिमानाने सांगायला गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "हे धाडस आहे की जुनी उधारी वसूल चाललीय?" दोन दिवस मी त्यांच्यावर चिडून होते. मग बहिणीला फोन केला, तो सरांना बोलण्यापेक्षा जड गेला.

आणि एक, कोचिंग म्हणजे उपचार नव्हे. बहुतेक देशांत कुणीही उठून स्वतःला लाइफ कोच म्हणवून घेऊ शकतं, म्हणून कुठे शिकलात, बोललेलं गुप्त राहील का, हे आधीच विचारा. झोप उडालीय, पॅनिक अटॅक येतात, जुना आघात आहे, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, कारण काहींना डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढतोसुद्धा. माझ्या मॅडमनी हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तिथेच माझा विश्वास बसला.

ठरलेली सेशन्स संपली तेव्हा त्या म्हणाल्या, अजून सहा घेऊया का? घसा आवळला. खांदे वर. मी म्हटलं, "उद्या सांगते." मॅडम खळखळून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना नको म्हणून कळवलं.