गुडघा पूर्ण वाकवा

"डॉक्टर, गादी किती उरलीय तेवढं सांगा." सोनोग्राफीच्या टेबलावर नीट बसायच्या आधीच हा प्रश्न येतो. गोम अशी की गुडघ्यात लोक ज्यांना ‘गादी’ म्हणतात अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवर चढलेला गुळगुळीत थर. दुसरी मेनिस्कस, मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्या मध्ये बसलेली चंद्रकोरीसारखी पाचर. आपल्याला यातलं काय विचारायचंय हे पेशंटला माहीत नसतं, ते ठीकच आहे. पण एका रिपोर्टमध्ये मीच घोळ घातला होता.

कूर्चा बघायची तर गुडघा पूर्ण वाकवावा लागतो. टाच मांडीला टेकेल इतका, निदान जमेल तितका. पाय सरळ असताना गुडघ्याची वाटी नेमकी आपल्याला हव्या त्या जागेवर ठाण मांडून बसते, आणि हाडाच्या पलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. गुडघा वाकला की वाटी खाली सरकते आणि मांडीच्या हाडाचं टोक मोकळं होतं. मग वाटीच्या जरा वर प्रोब, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून परत आलेल्या टिपणारा दांडा, आडवा धरायचा. पडद्यावर दोन बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामधली दरी दिसते, आणि त्या सगळ्यावर पांघरलेली एक काळीभोर पट्टी. तीच कूर्चा. साधारण २ ते ३ मिलिमीटर जाड. ती काळी दिसते कारण तिच्यात बहुतांश पाणीच असतं, आवाज परत फेकावा असं आत फारसं काही नसतं. पट्टीच्या खाली हाडाची जाड पांढरी रेघ, आणि वर एक बारीक, सुईने ओढल्यासारखी रेघ.

माझा जीव या वरच्या रेघेत अडकलेला असतो. झीज सुरू झाली की ती तुटक होते, पट्टीचा काळा रंग विटून राखाडी होतो, मग जाडी कमी होत जाते, आणि शेवटी हाड उघडं पडतं.

आता माझी चूक. सुजलेला गुडघा घेऊन एक बाई आल्या होत्या. गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकेना. बाहेर गर्दी होती, मी वाकला तेवढ्यात भागवलं. आतल्या बाजूची वरची रेघ पुसट दिसली, मी लिहून मोकळी झाले: कूर्चेचा पृष्ठभाग खराब. पुढे त्यांचा एमआरआय झाला. त्या जागेची कूर्चा छान गुळगुळीत होती. फाटला होता तो मेनिस्कस.

त्या संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर मी टेबलावर बसले, उजवा गुडघा वाकवला आणि स्वतःच्याच हाताने प्रोब ठेवला. जेल गार होतं. रेघ लख्ख आली. मग मनगट किंचित कलतं केलं, अगदी थोडंसं, आणि रेघ गायब! कूर्चेचा पृष्ठभाग गोलसर असतो; आवाज त्यावर काटकोनात पडला तरच तो सरळ माघारी येतो, नाहीतर भलतीकडे निघून जातो. प्रोब सरळ केला, रेघ परत आली. माझी सेहेचाळीस वर्षांची कूर्चा मनगटाच्या एका झटक्यात खराब झाली आणि लगेच बरीही झाली. नंतर पाच-सात वेळा उगाचच तसं केलं. शिकताना हे सगळं वाचलेलं होतंच की, पण वाचणं वेगळं.

गंमत म्हणजे हाच कलतेपणा एरवी उपयोगाला येतो. गाऊटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीत, युरेटचे (त्याच ॲसिडच्या क्षाराचे) कण कूर्चेच्या वरच्या पृष्ठभागावर बसतात आणि हाडाच्या रेघेला समांतर अशी दुसरी जाड पांढरी रेघ दिसते. ती खरी की नुसती चकाकी? प्रोब कलता करून बघायचं. चकाकी जाते, युरेट जागचं हलत नाही. कॅल्शियम पायरोफॉस्फेट या दुसऱ्या एका क्षाराचे कण, तेही सांधा सुजवतात, मात्र पट्टीच्या पोटात, काळ्यात पांढरे ठिपके होऊन बसतात.

न दिसणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. वाटीच्या मागची कूर्चा जवळपास दिसतच नाही, नडगीच्या हाडावरची तर नाहीच. मेनिस्कसची बाहेरची कड दिसते, ती सांध्याबाहेर सरकलीय का ते कळतं, पण आत खोलवरची चीर सुटू शकते. सांध्यातलं पाणी, गुडघ्यामागची पाण्याने भरलेली बेकर गाठ, हाडाला कडेने फुटलेले काटे यांच्यासाठी सोनोग्राफी झकास. आणि एक्स-रे? त्यात कूर्चा दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. तीसुद्धा उभं राहून काढला तरच कामाची.

"मग एवढी पातळ झालीय तर दुखत कसं नाही?" असं विचारणारेही भेटतात. कूर्चेत दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते आतलं अस्तर, हाड, आजूबाजूचं. म्हणून पट्टी जाडजूड असलेला माणूस लंगडत येतो आणि झिजलेली पट्टी घेऊन दुसरा जिने चढून येतो.

त्या बाईंच्या डॉक्टरांना मी फोन करून चूक सांगितली, सुधारित रिपोर्ट दिला. तेव्हापासून माझ्या रिपोर्टची पहिली ओळ ठरलेली असते: गुडघा किती वाकला आणि त्यामुळे कोणता भाग दिसला नाही. पेशंट ती ओळ ओलांडून थेट खाली जातात, टक्के शोधतात. टक्के मी लिहीत नाही.