फी भरणाऱ्या बाबांनाही सांगत नाहीत

माझ्या रूममेटच्या बाबांनी परवा भारतातून थेट आमच्या अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरला, म्हणजे मनाच्या त्रासावर मदत मिळते तिथे, फोन लावला. लेक धड बोलत नाही, आणि ती ‘तिकडे’ जाते असं कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलेलं. पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर मिळालं, “या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे येते की नाही, हेही आम्ही सांगू शकत नाही.” काका भडकले. “फी मी भरतोय आणि मलाच सांगत नाहीत?” मग त्यांनी मला फोन केला. मीही काही सांगितलं नाही.

काकांचा राग मला समजतो. इतक्या लांबून मुलीची काळजी करणं काय असतं, ते त्या रिसेप्शनवाल्या बाईला कुठून कळणार? पण नियम नियम आहे. फेर्पा या १९७४ च्या कायद्याने मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे येतो. काउन्सेलिंगच्या नोंदींना तर त्याहून कडक कुलूप. गाईड, डिपार्टमेंट, व्हिसाची कामं बघणारं ऑफिस, कुणालाच आपसूक काही कळत नाही. अमक्याशी एवढंच बोला, असं तुम्ही स्वतः सही करून दिलंत तरच तोंड उघडतात.

काउन्सेलिंगला जायच्या विचारात असलेल्यांसाठी सांगते, पहिल्या दिवशी कुणी तुमचं बालपण उकरत नाही. आधी फॉर्म. त्यात बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ हा नैराश्य तपासणारा फॉर्म असतो: गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, लक्ष लागणं कसं होतं याचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काही भरलंत तर त्याबद्दल विचारणार, हे नक्की. घाबरून खोटं शून्य लिहू नका. नुसता विचार मनात येतो म्हटल्यावर लगेच कुणी पोलीस बोलावत नाही. जिवाला आत्ता, खरोखर धोका आहे का, हे त्यांना बघायचं असतं.

आणि मग काउन्सेलर सगळ्यात आधी काय सांगते? आपण गुप्तता कधी मोडणार ते! स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, लहान मुलावर अत्याचार होत असेल तर, कोर्टाचा हुकूम आला तर. मला आधी विचित्रच वाटलं. माणूस मन मोकळं करायला आलाय आणि तुम्ही त्याला अटी ऐकवताय.

त्यातला ‘दुसऱ्याच्या जिवाला धोका’ कुठून आला ते नंतर वाचलं आणि चरकले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे शिकायला आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने कॅम्पसवरच्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं होतं की, मी एका मुलीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला पकडून चौकशी केली आणि सोडून दिलं. त्या मुलीला मात्र कुणीच सावध केलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने त्या मुलीचा, तात्याना तारासॉफचा, खून केला. १९७६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की, अशा वेळी धोक्यातल्या माणसाला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. पुढे बऱ्याच राज्यांनी असे नियम केले. आपल्यासारखाच सुटकेस घेऊन आलेला एक मुलगा या नियमाच्या मुळाशी आहे, हे मी एकाही अमेरिकन मैत्रिणीला सांगितलेलं नाही. का सांगू?

आपल्याकडे काहीच नाही असंही कुणी समजू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. तो शेजारच्या काकूंनी वाचलेला नाही, एवढंच. आणि आपल्याकडे रडणाऱ्या माणसाला कुणी ‘आजची वेळ संपली’ म्हणत नाही. इथे पन्नास मिनिटं झाली की डोळे पुसून बाहेर. आईला मी अजून काही बोललेले नाही. तिला तिकडे झोप लागणार नाही, आणि व्हिडिओ कॉलवर मी हसतेच की.

सेशन सहसा फुकट असतात, म्हणजे आपल्याच स्टुडंट फीमधून आधी वसूल झालेले. पण मोजके. जास्त दिवस चालणारा मामला असेल तर ग्रुपमध्ये घालतात किंवा बाहेरच्या थेरपिस्टकडे पाठवतात, आणि मग इन्शुरन्सशी झुंज. समोर शिकाऊ काउन्सेलर आली तर नाक मुरडू नका, तिच्यामागे सीनियर असतो. जमलं नाही तर बदलून मागा, कुणी मनाला लावून घेत नाही.

डोकं फिरतं ते थेरपिस्टच्या लायसन्सवरून. लायसन्स त्या-त्या राज्यापुरतं. व्हिडिओ सेशन सुरू होताच आधी प्रश्न, आत्ता तू कुठे आहेस? इंटर्नशिपसाठी शेजारच्या राज्यात गेलात की कित्येकदा सेशन बंद. दुःखालाही राज्याची हद्द!

एफ-१ वाल्यांनी, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेल्यांनी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तब्येतीमुळे विषय कमी करायचे असतील तर नुसत्या काउन्सेलरचं पत्र चालेलच असं नाही. डॉक्टरचं किंवा लायसन्सधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि ही सवलत डिग्रीच्या एका पातळीला एकूण १२ महिन्यांपर्यंतच मिळते. आधी डीएसओची, म्हणजे युनिव्हर्सिटीत व्हिसाची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी, मगच विषय ड्रॉप. उलट केलंत तर व्हिसाचा स्टेटस गेलाच म्हणून समजा.