पहिला नंबर उपाशी दाण्यांचा

प्रथिनांच्या तक्त्यात सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली आलेले दोन नमुने मला पटेनात. मधले सगळे अपेक्षेप्रमाणे होते. क्विनोआ या बारीक दाण्याच्या धान्यात प्रथिनं साधारण 12 ते 18 टक्क्यांच्या दरम्यान सापडतात आणि मधली रीडिंग त्या पट्ट्यात शहाण्यासारखी बसली होती. टोकाचे दोघे मात्र बाकीच्यांपासून फटकून उभे होते.

काम तसं सरळ होतं. क्विनोआच्या काही वाणांचे दाणे आमच्या प्रयोगशाळेत आले होते. बियाणं म्हणून त्यांची प्रत कशी आणि प्रथिनं किती, हे शेजारी शेजारी मांडून द्यायचं. डेन्मार्कमध्ये निवडलेले टिटिकाका आणि पुनो, चिलीचा रेगालोना, बोलिव्हियातल्या मिठाच्या सपाट मैदानांच्या भागातला टपोरा रेआल, पेरूचे लाल पासांकाया आणि काळा नेग्रा कोयाना, अशी सगळी मंडळी. रेआलचा दाणा दोन मिलिमीटरच्या पुढे जातो. समुद्रकिनाऱ्याकडच्या वाणांचा दाणा त्याच्यापुढे अगदीच बारीक. फटकून वागणारे दोन नमुने यातले कोणते, ते इथे लिहीत नाही, कारण दोष वाणांचा नव्हताच.

नवे वाण तयार करणारे पैदासकार सर सकाळीच येऊन बसले होते. दुपारी त्यांची बैठक होती आणि त्यांना नंबर हवे होते. "मॅडम, पहिला कोण तेवढं सांगा, बाकीचं नंतर पाहू."

आधी संशय आला तो आमच्याच चाचणीवर. आमच्याकडे अजून केल्डाल पद्धत चालते, म्हणजे नमुन्यातलं नत्र मोजून त्यावरून प्रथिनं काढायची रीत. दळलेला नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात चारशे अंशांच्या वर उकळायचा. आधी काळाकुट्ट लगदा होतो, मग हळूहळू निवळत स्वच्छ हिरवट पाणी उरतं. नळीच्या काठाला एखादा काळा कण चिकटून राहिला असेल तर तेवढं नत्र हिशोबातून गेलंच. पुढे अल्कली घालून ऊर्ध्वपातन, अमोनिया बोरिक आम्लात पकडायचा, गुलाबी द्रावण हिरवं होतं, आणि टायट्रेशन करताना ते परत गुलाबीवर आणायचं. त्या शेवटच्या थेंबाला हात थरथरून चालत नाही. आमचा सहायक म्हणाला, "मॅडम, पुन्हा लावू का? पण काल ब्लँक अगदी बरोबर आला होता." ब्लँक म्हणजे नमुना न घालता केलेली तीच चाचणी. पुन्हा लावलं. आकडे जागचे हलले नाहीत.

गुणकाचाही घोटाळा नव्हता. ही पद्धत प्रथिनं मोजतच नाही, ती नत्र मोजते. त्याला आपण 6.25 ने गुणतो. गव्हासाठी 5.7 वापरतात. नत्र 2.4 टक्के असेल तर एका गुणकाने प्रथिनं 15 टक्के येतात, दुसऱ्याने 13.7. अहवालात गुणक लिहिलेला नसेल तर मी तो आकडा वाचायच्या भानगडीत पडत नाही. ओलाव्याचंही तेच. कोरड्या वजनावरचे 15 टक्के म्हणजे 10 टक्के ओलावा असलेल्या दाण्यात साडेतेरा. आम्ही सगळं कोरड्या वजनावर, एकाच गुणकाने काढलं होतं.

खरा धागा सापडला तो उगवणीच्या पेट्री डिशमध्ये. क्विनोआ हे उतावळं बी आहे. ओला गाळणकागद मिळाला की दिवसभरात मूळ बाहेर येतं. काढणीच्या सुमाराला पाऊस लागला तर उभ्या तुऱ्यातच कोंब फुटतात. बाकीच्या डिशमध्ये पांढरी मुळं पसरली होती. प्रथिनांत शेवटी आलेल्या नमुन्याची डिश मात्र ढिम्म. दाणे फुगले होते, पण बहुतेकांना मूळच नाही. काही दाण्यांशेजारी पांढरे वळलेले तुकडे सुटे पडले होते.

एक दाणा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. क्विनोआच्या दाण्याची रचना गहू-तांदळाच्या उलट असते, असं म्हटलं तरी चालेल. तिथे भ्रूण एका टोकाला कोपऱ्यात बसलेला असतो. इथे मधोमध पिष्टाचा गोळा आणि त्याच्या कडेने, पातळ सालीच्या लगेच खाली, बांगडीसारखा वळलेला भ्रूण. क्विनोआ शिजल्यावर जी पांढरी वळी सुटून दिसते, ती हीच. बहुतेक प्रथिनं आणि तेल या बांगडीत असतं, मधल्या गोळ्यात मुख्यतः पिष्ट. माझ्यासमोरच्या दाण्याची कड घासून सपाट झालेली होती. मूळ जिथून बाहेर यायचं ते टोकच नव्हतं.

मग फेसाची चाचणी पाहिली. अर्धा ग्रॅम दाणे, पाच मिलिलिटर पाणी, नळी अर्धा मिनिट जोरात हलवायची आणि फेस किती उंच चढतो ते मोजायचं. सालीतल्या कडू सॅपोनिनचा अंदाज घ्यायची ही गरिबाची पण कामाची रीत. इतर नळ्यांत फेस उभा राहिला होता, या नळीत जवळजवळ नाहीच. आता कडूपणा नसलेल्या गोड वाणातही फेस येत नाही, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देता आला नसता. पण घासलेली कड, मेलेली उगवण आणि गायब फेस हे तिन्ही एकत्र आल्यावर मी फोन उचलला.

नमुना पाठवणारे गृहस्थ मोकळेपणाने म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही मशिनमधून काढूनच पाठवले. प्रयोगशाळेत द्यायचे तर स्वच्छ नकोत का?"

म्हणजे साल निघावी म्हणून दाणे घासले, सालीबरोबर भ्रूणही घासला गेला, आणि त्याच्याबरोबर प्रथिनं गेली. शेवटचा नंबर पॉलिशचा होता. अशा दाण्यांना बियाणं म्हणून तपासणंच चूक.

एवढं कळल्यावर पहिल्या नंबराकडे पाहायची नजर बदलली. त्याचं हजार दाण्यांचं वजन आधीच नोंदलेलं होतं आणि त्या वाणाच्या मानाने ते फारच कमी होतं. दाणे पोचट, सुरकुतलेले, गाल बसलेले. चाळणी लावून जाड आणि बारीक दाणे वेगळे केले आणि दोन्हींचं नत्र स्वतंत्र काढलं. बारकांमध्ये स्पष्टपणे जास्त. दाणा भरायच्या काळात उष्णता वाढली किंवा पाणी तुटलं की पिष्ट भरायचं राहून जातं. भ्रूण तोवर तयार झालेला असतो. पिष्ट घटलं की प्रथिनांची टक्केवारी आपोआप वर चढते, प्रथिनांत ग्रॅमचीही भर न पडता. उगवणीच्या डिशमध्ये याच नमुन्याचे कोंब सगळ्यात अशक्त होते, निम्मे उशिरा आलेले.

सरांनी तक्ता खाली ठेवला. "म्हणजे माझा पहिला नंबर उपाशी राहिलेल्या दाण्यांचा?"

"हो सर."

"आणि टक्केवारी खरीच आहे?"

"अगदी खरी आहे."

ते थोडे चिडले, आणि मला ते समजू शकतं. प्रथिनांचा आकडा जाहिरातीत छान दिसतो. हजार दाण्यांचं वजन कोणी विचारत नाही. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. समजा एका वाणाने हेक्टरी 2 टन दिले आणि प्रथिनं 14 टक्के, तर प्रथिनं झाली 280 किलो. दुसऱ्याने 1.2 टन दिले, 17 टक्क्यांनी, तर 204 किलो. शिवाय शेतात नत्राचा हप्ता वाढवला तरी टक्केवारी वर सरकते, वाण तोच असला तरी. आमच्या नमुन्यांतल्या निम्म्यांच्या खताची नोंद पिशवीवर नव्हती. आणि क्विनोआचं कौतुक ज्या लायसिन या अमिनो आम्लासाठी होतं, ते या नत्राच्या आकड्यात दिसतही नाही. त्याला अमिनो आम्लांची वेगळी तपासणी लागते. वाणांची तुलना करायची तर एकाच शेतातले, एकाच खतावरचे, न घासलेले दाणे हवेत, आणि प्रथिनांच्या रकान्याला लागून दाण्याचं वजन आणि उगवण हवी. मला तरी याहून सोपा मार्ग माहीत नाही.

बैठकीला सर नंबर न लावलेला तक्ता घेऊन गेले, टोकाच्या दोन्ही नमुन्यांसमोर शेरा लिहून. नवे दाणे पुढच्या काढणीनंतर पाठवायचं ठरलं.

मी मात्र त्या मशिनवाल्या गृहस्थांना परत फोन करून त्यांच्याकडचा कोंडा मागवला, फेरीनिहाय वेगळा करून. पहिल्या फेरीचा कोंडा पाण्यात टाकताच नळी फेसाने भरली. तो सॅपोनिनमुळे इतका कडू की चाऱ्यात घालायचं नाव नको. दुसऱ्या फेरीत फेस बराच उतरला होता आणि नत्र अख्ख्या दाण्यापेक्षा जास्त निघालं, म्हणजे तिथे भ्रूणच घासला जात होता. दाणे दुसऱ्यांदा घासायचे थांबवा आणि उरलेला कडवटपणा धुऊन काढा, असं त्यांना कळवलं. धुतलेले दाणे लगेच वाळवायलाही सांगितलं, नाहीतर ते गोदामातच उगवायला लागतील.