नाकामुराच्या फ्री किकच्या मागावर: ग्लासगो आणि योकोहामा

सेल्टिक या फुटबॉल क्लबच्या मैदानावर, सेल्टिक पार्कला जायला ग्लासगो सेंट्रलवरून डालमार्नककडे जाणारी लोकल धरायची. ती वरच्या फलाटांवरून सुटत नाही; जिना उतरून १६ आणि १७ नंबरवर जावं लागतं. वर ताटकळलात की गाडी चुकलीच. पुढे पंधरा मिनिटं पायी. पाऊस गृहीत धरा.

बाहेर क्लबचे जुने प्रशिक्षक जॉक स्टीन, जुना कर्णधार बिली मॅकनील यांचे पुतळे आहेत, जपानी मिडफिल्डर शुनसुके नाकामुराचा नाही. चारच मोसम (२००५ ते २००९) तो इथे होता, त्यामुळे तक्रार नाही. पण मी आलो होतो त्याच्या २५ नंबरच्या जर्सीसाठीच.

२१ नोव्हेंबर २००६, समोर मँचेस्टर युनायटेड, ८१वं मिनिट, फ्री किक (फाऊलनंतर थांबलेल्या चेंडूला मारायची किक). अंतर सुमारे ३० यार्ड. टीव्हीवर ते फसवं दिसतं. स्टँडमधून खाली पाहिलं की कळतं. क्रिकेटच्या खेळपट्टीहून सात मीटर जास्त! मध्ये ९.१५ मीटरवर खेळाडूंची भिंत, मागे युनायटेडचा १.९७ मीटर उंचीचा गोलरक्षक व्हॅन डर सार. भिंतीवरून काढायला चेंडू उचलावा, तर तो गोलच्या आडव्या दांड्याच्याही वरून जातो. दाबून मारावा, तर कुणाच्या तरी डोक्यावर आदळतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं: चेंडूच्या फार खाली पाय घातला की उलटी फिरकी लागते आणि तो तरंगतो. नुसती आडवी फिरकी दिली तर वळतो, पण उतरत नाही. नाकामुरा डाव्या पायाच्या आतल्या कडेने चेंडू असा घासून मारायचा की फिरकीचा अक्ष तिरका व्हायचा. चेंडू वळता वळता खाली यायचा. त्या रात्री तो भिंतीवरून गेला आणि वरच्या कोपऱ्यात उतरला. १-०. शेवटी सेल्टिकचा गोलरक्षक बोरुचने युनायटेडच्या साहाची पेनल्टी अडवली आणि सेल्टिक पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचलं.

 

योकोहामा नंतर केलं, खरं तर आधी करायला हवं होतं. हे नाकामुराचं गाव. इथल्याच मारिनोस क्लबने लहान चणीमुळे त्याला युवा संघात घेतलं नव्हतं. शाळेच्या फुटबॉलमधून तो १९९७ मध्ये त्याच क्लबात परतला आणि २००० व २०१३ असा दोनदा जे-लीगचा (जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्हींत तेरा वर्षांचं अंतर!

मारिनोसच्या निसान स्टेडियमला सगळे शिन-योकोहामावरून जातात. कोझुकुए स्टेशन जास्त जवळ आहे, सात मिनिटं. पण मैदानाभोवतीच्या धावण्याच्या ट्रॅकमुळे ते इतकं लांब पडतं की फ्री किक दुर्बिणीतूनच बघावी. २००२ चा विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. नाकामुराला मात्र तेव्हाचे प्रशिक्षक त्रूसिए यांनी जपानच्या संघातच घेतलं नव्हतं.

त्यापेक्षा मित्सुझावा स्टेडियम बरं. छोटं, ट्रॅक नाही. २०१९ ते २०२२ तो योकोहामा एफसी या दुसऱ्या क्लबकडून इथे खेळला, चव्वेचाळिसाव्या वर्षी थांबला. तिकीट गोलच्या मागचं घ्या, थोडं वरचं. अगदी खालच्या रांगेतून चेंडूचं वळण कळत नाही.